पहिली लेन्स कोणती घ्यावी: ५० एमएम, टेलिझूम की मॅक्रो?

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स थोडी हाताखालून गेली की पुढची लेन्स खुणावू लागते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. माणसांचे फोटो काढायला आवडतात, डोंगर आणि पक्षी सोडवत नाहीत, पाकळीवर चढणारी मुंगीही टिपावीशी वाटते. प्रत्येकासाठी वेगळी लेन्स सुचवली जाते: पोर्ट्रेटला ५० एमएम एफ १.८, पक्ष्यांना ७०-३००सारखी टेलिझूम, कीटकांना मॅक्रो. तिन्ही एकदम घ्यायची नवशिक्याला काहीच गरज नाही. एकच घ्यायची, तर कोणती?

माझ्या मते एमएमचे (जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) आणि एफचे (जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो) आकडे नंतर बघावेत. आधी बघायचं ते अंतर. तुम्ही आणि ज्याचा फोटो काढायचा तो, यांच्यामध्ये किती जागा असते आणि ती कमी-जास्त करणं तुमच्या हातात आहे का? पुढचे सगळे हिशेब एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या सुमारे २.३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचे आहेत, कारण डीएसएलआर किंवा मिररलेसची सुरुवात करणाऱ्या बहुतेकांकडे तोच असतो.

पोर्ट्रेट: ५० की ८५?

चेहऱ्याचा आकार लेन्स बदलत नाही, तुमचं अंतर बदलतं. दोन फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं, कान मागे जातात, मग लेन्स कुठलीही असो. पाच-सात फुटांवर गेलात की चेहरा आपल्याला रोज दिसतो तसा दिसू लागतो. लांब एमएमची लेन्स फक्त एवढंच करते की तेवढ्या लांबूनही चेहरा फ्रेममध्ये मोठा मिळतो.

या एका मुद्द्यावर ८५ एमएम सरस आहे. कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे घ्यायचे तर ८५ने साधारण सात फुटांवर उभं राहावं लागतं, ५०ने चार-सव्वाचार फुटांवर. पण त्याच माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो हवा असेल तर ८५ला जवळजवळ २५ फूट लागतात आणि ५०चं काम १५ फुटांत होतं. घरात २५ फूट मोकळे कुठून आणणार? म्हणून घरातली माणसं, लहान मुलं, छोटे समारंभ हे तुमचे विषय असतील तर ५० घ्या. ती हलकी असते आणि जवळपास प्रत्येक कंपनीच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. ८५ त्यांच्यासाठी, ज्यांना मुख्यतः चेहरेच काढायचेत आणि मागे सरकायला जागा आहे.

५०चा खरा फायदा उजेडाचा आहे. किट लेन्स ५५ एमएमला एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ला जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे संध्याकाळी घरात जिथे आयएसओ (उजेडाबद्दलची सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागायचा तिथे ६४०वर भागतं. चेहऱ्यावरचा दाणेदारपणा जातो आणि त्वचेचे रंग टिकतात. मात्र चार फुटांवर एफ १.८ला शार्प राहणारा पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटरचा असतो. चेहरा जरा वळलेला असेल तर एक डोळा लख्ख आणि दुसरा मऊ, म्हणजे किंचित धूसर येतो. सुरुवातीला एफ २.८ ठेवा आणि फोकसचा बिंदू कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर आणा. लेन्स मऊ आहे अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बरेचदा हाच पाच सेंटिमीटरचा पट्टा असतो.

निसर्ग: डोंगर वेगळे, पक्षी वेगळे

डोंगर, नदी, आकाश यांच्यासाठी नवी लेन्स घेऊ नका. किट लेन्स १८ एमएमवर, एफ ८ ते एफ ११च्या दरम्यान आणि ट्रायपॉडवर उत्तम काम देते. एफ २२पर्यंत ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) मिटू नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळंच चित्र किंचित मऊ होतं. १०-१८सारखी अल्ट्रावाइड मोहात पाडते खरी, पण तिच्यात मागचा डोंगर टेकडीएवढा होतो. जवळचा खडक किंवा झुडूप पुढे घेऊन फ्रेम रचायची सवय झाल्यावर तिच्याकडे वळावं. तोवर तेच पैसे बऱ्या ट्रायपॉडला लावा.

पक्षी आणि प्राण्यांची गोष्ट वेगळी, कारण इथे अंतर तुमच्या हातात नसतं. ५५-२५० किंवा ७०-३०० या सुरुवातीच्या लेन्स. त्यांच्याकडून काय मिळेल याचा अंदाज आधीच घेतलेला बरा. १५ सेंटिमीटरची चिमणी दहा मीटरवर बसलीय आणि तुम्ही ३०० एमएम लावलंय. फ्रेमच्या रुंदीचा पाचवा भागसुद्धा ती भरत नाही. ६०० लावलं तरी दोन पंचमांशापर्यंतच पोचते, आणि १५०-६०० जातीच्या झूम साधारण दोन किलोच्या असतात, दिवसभर हातात धरवत नाहीत. म्हणून सुरुवातीला मोठी लेन्स घेण्यापेक्षा पक्षी रोज कुठे येतो ते हेरून तिथे न हलता बसणं जास्त कामाचं. दहाऐवजी पाच मीटरवर आलेली चिमणी ३००मध्ये तेवढीच मोठी दिसते.

३००वर हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड निदान १/५०० सेकंद हवा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर आवरतं, पक्ष्याच्या मानेचा झटका नाही. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून जास्त. एफ ५.६ला हे सगळं जमवायचं म्हणजे ऊन हवं, नाहीतर आयएसओ चढवावा लागणारच.

टेलिझूमचा एक गुण फारसा कोणी सांगत नाही: ती मोकळ्या जागेत सुंदर पोर्ट्रेट काढते. लांबची पार्श्वभूमी किती विरघळते हे एमएमला एफच्या आकड्याने भागून कळतं. ५० भागिले १.८ म्हणजे २८. २०० भागिले ५.६ म्हणजे जवळजवळ ३६. माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर मागची झाडं टेलिझूमवर अधिक विरघळतात. अर्ध्या उंचीच्या फोटोसाठी २५ फूट मागे जावं लागेल, पण मैदानात ते सहज जमतं.

क्लोजअप: किती जवळ जायचं?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. ५० एमएम एफ १.८ने फुलांचे क्लोजअप छान येतील असं वाटतं, पण या लेन्स फार जवळ फोकस करत नाहीत. त्यांनी फ्रेममध्ये मावणारी कमीत कमी रुंदी साधारण ९ ते १७ सेंटिमीटर असते. त्याच वेळी १८-५५च्या नव्या आवृत्त्यांपैकी बऱ्याच लेन्स साडेसहा सेंटिमीटरच्या आसपासची रुंदी पूर्ण फ्रेमभर घेतात. म्हणजे फुलासाठी तुमच्याकडची किट लेन्सच बरी.

खरी मॅक्रो १:१ असते. वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी, तेवढ्याच आकाराची पडते, म्हणून अडीच सेंटिमीटरची माशीसुद्धा फ्रेममध्ये मावत नाही. नुसत्या ‘मॅक्रो’ या शब्दावर जाऊ नका. काही झूमवर तो छापलेला असतो आणि प्रत्यक्षात त्या १:४ किंवा १:२पर्यंतच जातात.

मॅक्रोमध्ये ६० घ्यावी की १००? माहितीपत्रकातलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली एक खूण दिसेल, तिथून. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की ६० एमएममध्ये १:१ला काचेपुढे दहा सेंटिमीटरसुद्धा मुश्किलीने उरतात. एवढ्यात फुलपाखरू उडून जातं, आणि नाही उडालं तर लेन्सचीच सावली त्याच्यावर पडते. ९० ते १०५च्या लेन्समध्ये आणखी थोडी जागा मिळते आणि ती फार मोलाची ठरते. कीटकांसाठी ९०च्या खाली उतरू नका. नाणी, दागिने, पानांच्या शिरा यांना ६० पुरते.

१:१ला एफ ११ ठेवूनही शार्प पट्टा एक मिलिमीटरपेक्षा कमी असतो, आणि इतक्या जवळ गेल्याने प्रकाशही दोन स्टॉप कमी होतो, म्हणजे चौथा भागच उरतो. ऑटोफोकस बंद करायचा, शरीर किंचित पुढे-मागे डोलवत मुंगीचा डोळा लख्ख दिसला की बटण दाबायचं. फ्लॅशचा खर्च मॅक्रोच्या हिशेबात धरूनच चाला.

एवढं सगळं आवडेल की नाही याची खात्री नसेल तर एक्स्टेंशन ट्यूब आणा. आत काच नसलेली ही पोकळ नळी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते. ५० एमएमला २५ मिलिमीटरची नळी लावली की १:२पर्यंत पोचता येतं. विजेचे संपर्कबिंदू असलेलीच घ्या, नाहीतर ॲपर्चर बदलता येत नाही. नळी लावलेली असताना लांबचं काही फोकस होणार नाही.

मग घ्यायची कोणती?

घरातली माणसं आणि कमी उजेड: ५०. जोडीला ट्यूब घेतलीत तर पानाफुलांचीही सोय होते. बाहेर भटकणं, पक्षी आणि अधूनमधून सोबत्यांचे फोटो: टेलिझूम, हिच्याइतकं वेगवेगळं काम बाकीच्या दोन्ही करत नाहीत. कीटकांचं खरंच वेड असेल तर थेट ९० किंवा १००ची मॅक्रो. एफ २.८ची ही लेन्स चेहऱ्यांचे फोटोही फार चांगले काढते. फक्त पळणाऱ्या मुलांमागे तिचा ऑटोफोकस मंदावतो.

तरीही ठरत नसेल तर आपलेच जुने फोटो संगणकावर उघडा आणि फोटोच्या माहितीत नोंदलेला प्रत्येकाचा एमएम बघा. बहुतेक ५५वर काढून नंतर कापलेले दिसले तर टेलिझूम. ३५ ते ५५मध्ये, पण घरातले आणि हललेले दिसले तर ५०. पैसे देण्याआधी लेन्स तुमच्याच कॅमेऱ्यावर लावून ऑटोफोकस चालतो का तेही पाहा. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे एएफ-डी प्रकारच्या, स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो.