'बीट द प्रो' ड्रिल: हुकलेला शॉट महाग पडतो तेव्हा

बास्केटबॉलमध्ये शूटिंगचे (रिंगमध्ये बॉल टाकण्याचे) बहुतेक सराव हुकलेला शॉट माफ करतात. शंभर मारले, साठ पडले, वहीत आकडा लिहिला, झालं. 'बीट द प्रो'मध्ये ही सवलत नाही. दबावाखाली शूटिंग सुधारायचं असेल आणि एकच ड्रिल निवडायचं असेल, तर आम्ही हेच सुचवू. दुरुस्त्या मात्र कराव्या लागतील.

समोर एक नामांकित खेळाडू, म्हणजे 'प्रो', आहे असं धरायचं. सुरुवात फ्री थ्रोने, म्हणजे ठरलेल्या रेषेवरून कोणी न अडवता घ्यायच्या शॉटने. पडला तर तुम्हाला 1, हुकला तर 'प्रो'ला 3. पुढे सगळे जंप शॉट, म्हणजे उडी मारून घेतलेले: पडला तर तुम्हाला 1, हुकला तर त्याला 2. आधी 11 गाठेल तो जिंकला. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सच्या 1970 आणि 1973 च्या विजेत्या संघांतल्या बिल ब्रॅडलीच्या नावानेही हा खेळ ओळखला जातो. बॉल एक, रिंग एक. जोडीदार नसला तरी अडत नाही.

जोर आहे तो गुणांच्या हिशेबात. पहिला फ्री थ्रो पडला तर आणखी 10 शॉट पाडायचे असतात आणि पाच चुका परवडतात, कारण पाच चुकांनी प्रो 10 वर थांबतो, सहावीला 12 वर जातो. म्हणजे अगदी काठावर जिंकायचं तरी 15 पैकी 10, सुमारे 67 टक्के. तोच फ्री थ्रो हुकला तर 11 पाडायचे आणि चुका फक्त तीन: 14 पैकी 11, जवळपास 79 टक्के. एका शॉटने गणित एवढं फिरतं हे खेळाडूला माहीत असतं, म्हणून रेषेवर उभं राहताच खांदे आखडतात. सामन्यात नेमकं हेच होतं. 10-10 झाले की पुढचा एकच शॉट निकाल लावतो. तेव्हा कोणाचा हात फॉलो-थ्रू (बॉल सुटल्यावरही हात रिंगच्या दिशेने ताणलेला ठेवणं) पुरा न करताच खाली येतो, ते कोचने बघून ठेवावं.

आता उणिवा. पहिली, जागा ठरवून दिलेली नाही. दोन चुका झाल्या की खेळाडू नकळत रिंगकडे सरकतो आणि 9-8 ला दीड मीटरवरून बोर्डावर बॉल टाकून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक शॉट पेंटच्या (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनाच्या) बाहेरूनच, आणि लागोपाठ दोन शॉट एका जागेवरून नाहीत, असा नियम हवाच. दुसरी, एकटा खेळाडू रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) आणायला चालत जातो, दोनदा ड्रिबल करतो, दम खातो आणि मग शॉट घेतो. असा निवांतपणा सामन्यात कोण देतं? बॉल हातात आल्यापासून तीन सेकंदांत शॉट सुटला नाही तर ती चूक धरा. जोडीदार असेल तर रिबाउंड त्याने घ्यावा, पास द्यावा आणि हात उंचावून अंगावर धावून यावं. बचाव करणारा नसणं ही मूळ खेळाची मोठी त्रुटी एवढ्याने बरीच भरून निघते.

सुरुवातीचा फ्री थ्रो ताज्या पायांनी घेतला तर फुकट जातो. आधी 28 मीटरचं कोर्ट जाऊन-येऊन जोरात पळायचं, लगेच रेषेवर यायचं आणि फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमाप्रमाणे 5 सेकंदांत शॉट घ्यायचा. दमल्यावर शॉट बहुधा रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो. खेळाडू मग हाताने जोर लावतो, कोपर बाहेर जातो आणि बॉल डावी-उजवीकडे भरकटतो. दुखणं पायांत असतं. गुडघे जास्त वाकवायला सांगा, मनगटाला हात लावू नका.

नवशिक्यांना मूळ गुणपद्धत जाचक आहे. जंप शॉटच्या चुकीला 2 ऐवजी 1 केलं की पहिला फ्री थ्रो पाडणाऱ्याला 20 पैकी 10 पुरतात. 6.75 मीटरच्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून खेळताना चांगल्या शूटरनेही हीच पद्धत घ्यावी.

'नॉकआउट'शी तुलना होणारच: त्यात सगळे रांगेत उभे राहून फ्री थ्रो घेतात आणि मागच्याने आधी बॉल पाडला तर पुढचा बाद. त्यात गोंगाट आणि मजा जास्त, पण ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच आधी बाद होऊन बाजूला बसतो, आणि फ्री थ्रो हुकल्यावर उरतं ते लेअपसाठीचं (रिंगजवळ जाऊन बॉल टाकण्यासाठीचं) धावणं. मोठ्या गटाला दमवायला ठीक.

शेवटची अट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: हरल्यावर लगेच नवा डाव नाही. परत खेळता येतं म्हटलं की 10-10 ला कोणाला घाम फुटत नाही. सरावाच्या शेवटी एकच डाव, गुण मोठ्याने मोजणारा दुसराच कोणीतरी, आणि निकाल त्याच दिवशी फळ्यावर.