जुनी साब ९-५ : रनिंग विचारू नका, चेंबर कधी उघडलं ते विचारा

काल माझ्या जुन्या साबच्या इग्निशनचा पार्ट विकणाऱ्याचा मेल आला : पार्ट चुकीच्या पद्धतीने बसवल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही. चार बोल्ट आणि एक कनेक्टर, एवढंच ज्याचं फिटिंग आहे, तो पार्ट चुकीचा बसवायचा म्हटलं तरी बसवता येत नाही. कित्येक दिवस लांबणीवर टाकलेला हा अनुभव आज लिहून काढतोय, तो त्या मेलमुळे. राग गाडीवर नाही, हे आधीच सांगतो. राग आहे तो जेन्युइनच्या नावाखाली डुप्लिकेट माल गळ्यात मारणाऱ्यांवर.

गाडी साब या स्वीडिश कंपनीची, पहिल्या पिढीतली ९-५ सेडान, २.३ लिटरचं लाइट टर्बो इंजिन, १७० एचपी, मॅन्युअल. बाकी स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असतील, ते इथे उगाळत नाही. इतकी गाडी इतक्या कमी पैशांत का मिळते, याचं कारणही उघड आहे. डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि तेव्हापासून लोक साब म्हटलं की दोन हात लांब राहतात. पार्ट कुठून आणायचे, हा पहिला प्रश्न. पण कंपनी बुडाली तेव्हा पार्टचा व्यवसाय बुडाला नाही. तो स्वीडिश सरकारकडे गेला, त्याने पुढे ओरिओ हे नाव घेतलं आणि पुरवठा चालू ठेवला. शिवाय या गाडीचा पाया जनरल मोटर्सचा, ओपेल व्हेक्ट्राच्या कुटुंबातला. त्यामुळे पार्ट अजिबात मिळत नाहीत असं होत नाही. अडचण वेगळीच आहे. पार्ट मिळतात, पण अस्सल कोणता आणि नक्कल कोणती, हे ओळखावं लागतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा विकणाऱ्याने पुन्हापुन्हा एकच गोष्ट सांगितली : रनिंग कमी आहे. बॉडी स्वच्छ, गंज नाही, सीटचं लेदर शाबूत. मी विचारत होतो, ऑइल कोणतं घालता आणि किती किलोमीटरवर बदलता? त्यावर उत्तर आलं, "बदलतो ना वेळच्या वेळी." पावती एकही नाही. तिथेच मी भाव खाली आणला आणि उरलेले पैसे चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं पात्र, उघडण्यासाठी बाजूला काढून ठेवले.

ऑइल चेंबरच्या तळाशी, ऑइल पंपाच्या तोंडाला, एक छोटी जाळी असते. पंप जे ऑइल ओढतो ते तिच्यातून गाळून जातं. बी२०५ आणि बी२३५ (या गाडीची २.० आणि २.३ लिटरची) या इंजिनांचं आयुष्य या जाळीवर टांगलेलं असतं, असं मी जबाबदारीने म्हणतो. २००३ पर्यंतच्या गाड्यांमध्ये ऑइलचा गाळ होण्याची तक्रार जगभर प्रसिद्ध आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चेंबरला खेटून असतो, त्यामुळे ऑइल सतत तापतं. वर टर्बोची उष्णता आहेच. क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी सुरुवातीची व्यवस्था तोकडी होती, म्हणून पाण्याची आणि पेट्रोलची वाफ आतच ऑइलमध्ये मिसळते. त्यात मालकाने साधं मिनरल ऑइल घातलं, ते लांबवून लांबवून बदललं, गाडी रोज जवळच्या जवळ फिरवली आणि इंजिन कधी पुरतं गरम होऊच दिलं नाही, तर ऑइल जळून त्याचे कण होतात. ते जाळीवर बसतात. पंपाला ऑइल कमी पडू लागतं आणि टर्बो, बेअरिंग, टायमिंग चेन सगळ्यांची उपासमार सुरू होते. बाहेरून गाडी मात्र झकास पळत असते.

माझा मेकॅनिक चांगला माणूस आहे, हात स्वच्छ आहे त्याचा. पण तोही म्हणाला, "ऑइलचा दिवा लागत नाही ना, मग कशाला उघडताय?" नेमकं इथेच लोक फसतात. तो दिवा ऑइल प्रेशर अगदी तळाला गेल्यावर लागतो. तो लागेपर्यंत बेअरिंग खाल्लं गेलेलं असतं. मी हट्ट धरला. पुढचा एक्झॉस्ट पाइप सोडवावा लागतो, भोवतीने बरेच बोल्ट आहेत, आणि चेंबरला पॅकिंग नसतं, सीलंट असतं, त्यामुळे ते हिसका दिल्याशिवाय सुटत नाही.

चेंबर खाली आलं तेव्हा तळाला काळा थर होता. बोटाने उचलून चिमटीत चोळला तर मऊ नव्हता, कोळशाच्या चुऱ्यासारखा करकरत होता. मऊ गाळ ऑइल फ्लश करून थोडाफार निघतो. हा कडक चुरा निघत नाही, उलट फ्लशने तो सुटून जाळीत जाऊन बसतो. म्हणून अशा इंजिनात आधी फ्लश आणि मग बघू हा सल्ला मला मान्य नाही. जाळी काढून दिव्यासमोर धरली. मधल्या भागातून उजेड येतच नव्हता, फक्त कडेच्या पट्टीतून येत होता. या अवस्थेत ही गाडी हायवेला टर्बो पूर्ण दाबून पळवली असती तर इंजिन गेलं असतं. मेकॅनिकने जाळी हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिली. आता त्याच्याकडे दुसरी कुठलीही जुनी टर्बो पेट्रोल गाडी आली की तो स्वतःहून जाळीचा विषय काढतो.

जाळी धुतली, पाइपच्या सांध्यातली ओ-रिंग नवी टाकली. ही ओ-रिंग विसरू नका, ती कडक झाली की पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. व्हेंटिलेशनचं सुधारित किट बसवलं, ज्याला जाणकार सहा नंबरचं किट म्हणतात. कारखान्याने २००४ च्या मॉडेलपासून हीच सुधारणा आतूनच दिली. तेव्हापासून फक्त फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, आणि ऑइल दर ८००० किलोमीटरला बदलायचं. मी खर्चाच्या बाबतीत हात आखडता असलेला माणूस आहे, हे घरात कुणालाही विचारा. पण ऑइलच्या डब्यावर पैसे वाचवणं ही काटकसर नव्हे. ते पुढच्या इंजिनसाठी घेतलेलं कर्ज आहे.

आता त्या मेलकडे येतो.

सगळं छान चाललं होतं. एका रात्री चढाला गाडी मिसिंग करायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, आणि पुढच्या वळणापर्यंत ती तीन सिलिंडरवर कशीबशी खुरडत आली. साबवाल्यांना लक्षणं सांगायची गरज नाही : डीआय कॅसेट. चारही प्लगवर बसणारा तो एकच काळा ठोकळा, ज्यात चारही कॉइल एकत्र असतात. (इंजिन गरम झालं की एकदम बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यावा, कॅसेटवर नाही. दोन्हींत गल्लत करून लोक नको तो खर्च करतात.) उघडून पाहिलं तर आधीच्या मालकाने बसवलेली कॅसेट नकली निघाली. मी नवी मागवली, तीही "जेन्युइन" म्हणून. खोका सुरेख, आत होलोग्राम. काही आठवड्यांत तीही गेली. वॉरंटी मागितली, त्याचं उत्तर म्हणजे कालचा तो मेल. हातात घेतल्यावर फरक कळतो : नकली कॅसेट वजनाला हलकी लागते, खालचे रबरी बूट चिकट असतात, आतल्या स्प्रिंग एकसारख्या नसतात. अस्सल कॅसेट स्वीडनमधल्या ऑमॉल गावच्या एसईएमची, अंगावर त्यांची खूण असते. आता मी खोका बघतच नाही, ठोकळा उलथा न करता खूण तेवढी पाहतो. उलथा न करता म्हणण्याचं कारण असं, की अस्सल कॅसेट उलटी ठेवायची नसते. चुकून ठेवली गेली तर बसवण्याआधी काही तास सरळ उभी ठेवावी.

रस्त्याच्या कडेला उभा होतो तेव्हा माझं मत पक्कं होतं : हे डिझाइन वाईट आहे. एक कॉइल गेली तर चारही फेकायच्या, ही कुठली अक्कल? वेगवेगळ्या चार कॉइल दिल्या असत्या तर गेलेली एक बदलून घरी गेलो असतो. पण नंतर ही कॅसेट काय काम करते ते नीट वाचलं, आणि मत बदललं.

बहुतेक गाड्यांत नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधन बेकाबू पेटून होणारी ठोकठोक) ऐकायला इंजिन ब्लॉकवर वेगळा सेन्सर लावलेला असतो. या गाडीत तो नाहीच. ट्रायोनिक, म्हणजे साबची इंजिन सांभाळणारी कॉम्प्युटर सिस्टिम, स्पार्क प्लगलाच सेन्सर बनवते. आधी ४०० व्होल्टचा कपॅसिटर कॉइलमध्ये रिकामा करून जोरदार ठिणगी पाडायची. ठिणगी पडून गेली की लगेच प्लगच्या टोकांमध्ये साधारण ८० व्होल्ट लावायचे आणि जळत्या वायूतून किती करंट वाहतो ते मोजायचं. पेटलेल्या वायूत आयन असतात, म्हणून करंट वाहतो. तो कसा चढतो-उतरतो यावरून कॉम्प्युटरला कळतं की या सिलिंडरमध्ये नीट जळलं, मिसिंग झालं की नॉकिंग झालं. कुठला सिलिंडर पेटायच्या पाळीत आहे हेसुद्धा तो यातूनच ओळखतो, त्यासाठी कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर ठेवलेला नाही. म्हणजे ज्वाळेच्या आत हात घालून नाडी बघण्यासारखं आहे हे. आणि ही मोजणी करणारी यंत्रणा त्या ठोकळ्यात कॉइलच्या शेजारीच बसलेली आहे. चार सुट्या कॉइल दिल्या असत्या तर हे इतक्या नेटकेपणाने जमलं नसतं. लहान गावातल्या लहान कारखान्याच्या इंजिनिअरांनी हे केलं, याचा मला मनापासून आदर वाटतो. विमानं बनवायला १९३७ मध्ये सुरू झालेल्या कंपनीतून पुढे जी गाडी आली, तिच्याकडून अपेक्षा तरी दुसरी काय करायची?

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. प्लग हाच सेन्सर असल्यामुळे प्लगच्या बाबतीत प्रयोग करू नका. मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच एनजीकेचे प्लग, सांगितलेल्या गॅपला. महागडे फॅन्सी प्लग टाकून गाडी आणखी पळेल असं कुणी सांगितलं तर हसून विषय बदला. प्लग झिजून गॅप वाढला की कॅसेटवर ताण येतो आणि ती लवकर जाते. प्लग वेळेवर बदलणं हा कॅसेट वाचवायचा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि डिक्कीत एक चालती जुनी अस्सल कॅसेट आणि टॉर्क्स पाना कायम ठेवा. मी भंगारात गेलेल्या ९-५ मधून एक उचलून आणली, तीच सध्या गाडीत चालू आहे आणि डुप्लिकेट नव्या मालापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. मात्र घेताना ट्रायोनिक ७ ची काळीच घ्या, लाल कॅसेट जुन्या ट्रायोनिक ५ च्या, त्या इथे चालत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. सीट : लांबच्या प्रवासात पाठ दुखत नाही, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मला देता येणार नाही. मागून धडक बसली तर पुढे सरकून मान सांभाळणारे हेडरेस्ट या गाडीने १९९७ मध्येच आणले होते. सस्पेन्शन मऊ, वळणावर गाडी थोडी झुकते, चालतं मला. पहिल्या गिअरमध्ये ओल्या रस्त्यावर जोरात दाबलं तर स्टिअरिंग हातात ओढतं, हे मात्र मान्य करावं लागेल. हायवेला अ‍ॅव्हरेज छान, गर्दीत नाही. टायमिंग चेन असल्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. माहितीच्या डिस्प्लेवरचे अर्धे अक्षर गायब होणं हा वयाचा परिणाम, दुरुस्त होतं, त्यावरून गाडी नाकारू नका.

नाइट पॅनलविषयी मात्र दोन ओळी जास्त. बटण दाबलं की स्पीडोमीटर सोडून सगळे काटे अंधारात जातात, आणि स्पीडोमीटरवरही १४० पर्यंतचेच आकडे उजळतात. इंधन कमी झालं, तापमान चढलं, तरच तो काटा आपणहून उजळतो. सुरुवातीला मला ही दाखवायची चीज वाटली होती. आता रात्री दिवे नसलेल्या रस्त्याला लागलो की हात आपोआप त्या बटणाकडे जातो. डोळ्यांचा शीण कमी होतो, काचेवर प्रतिबिंब पडत नाही, समोरचा रस्ता जास्त लांबवर दिसतो. आजच्या गाड्यांत डॅशबोर्डभर पडदे लावतात आणि ते अंधुक करायला तीन मेन्यू उघडावे लागतात.

घ्यायची असेल तर शक्यतो २००४ नंतरची बघा, व्हेंटिलेशन सुधारलेलं मिळतं. त्याआधीची स्वस्त मिळत असेल तरी हरकत नाही, फक्त चेंबर उघडायचा खर्च किमतीतच धरून बोला, आणि उघडेपर्यंत टर्बो दाबू नका. इंजिन रात्रभर थंड राहिलेलं असताना सुरू करायला सांगा आणि पहिल्या काही सेकंदांत चेनचा खळखळाट येतो का ते कान देऊन ऐका. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून बोट फिरवा, बोटाला काळा चुरा लागला तर पुढचं बोलणं तिथूनच सुरू करा. मॅन्युअल असेल तर रिव्हर्स टाकून दोन सीटांमधली किल्ली काढून बघा. त्या खाचेत कुणी काही सांडलेलं असेल तर किल्ली अडखळते, आणि ते काम वाटतं तितकं स्वस्त नाही.