डी अँड डी सात महिने खेळल्यावर: कॅरेक्टर बनवायला किती डोकं लावायचं?

गेल्या पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलेलं, बाहेर पडायची सोय नव्हती, तेव्हा राजारामपुरीत मित्राच्या घरी आम्ही पाच जणांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) चालू केलं, प्रत्येकानं एक कॅरेक्टर म्हणजे पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम, 2014 ची पाचवी आवृत्ती. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम बघणारा, मीच. सात महिने झाले, रविवार सहसा चुकत नाही, गेम लय आवडलाय हे आधीच सांगतो. पण कॅरेक्टर बनवण्यावर मनापासून लिहायचंय, कारण त्याच्यापायी आमचा ग्रुप पहिल्याच आठवड्यात मोडायला आलेला.

पहिल्या रविवारी दुपारी तीनला बसलो आणि रात्री नऊला उठलो, तोवर एकानं पण तलवार उपसली नव्हती. तीनशेच्या वर पानांचं पुस्तक, बारा क्लास (लढवय्या, जादूगार असले पेशे), त्यात रेस (माणूस, एल्फ असली जमात), बॅकग्राउंड (आधीचं आयुष्य), स्किल्स, सामान, आणि 15, 14, 13, 12, 10, 8 हे आकडे ताकद, चपळाई असल्या सहा गुणांना वाटायचे. माझ्या मामाच्या पोरानं विझार्ड म्हणजे जादूगार घेतला, त्याला पहिल्याच लेव्हलला तीन कँट्रिप (कितीही वेळा चालणारे छोटे मंत्र) आणि वहीत लिहायला सहा मंत्र निवडायचे असतात, ते बिचारं दीड तास नुसतं वाचत बसलं. पुढच्या रविवारी आलंच नाही. फोन केला तर म्हणालं, "दादा, पेपरला बसल्यागत वाटलं."

दुसरी गोष्ट आमच्या तालमीतल्या दोस्ताची. त्याला पैलवानच पाहिजे होता, मग फायटर (लढवय्या) घेतला, ह्युमन म्हणजे माणूस. पण नेटवर कुणीतरी लिहिलेलं की डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई सगळ्यात कामाची, म्हणून ह्यानं 15 तिथं टाकले आणि स्ट्रेंग्थला, म्हणजे ताकदीला, 10. ह्युमनला जादा मिळतो तो एक धरून 11, म्हणजे फाशात मिळवायचा बोनस शून्य. तिसऱ्या सेशनला पुलावर एक दरोडेखोर आडवा आला, हा म्हणाला मी एकेरी पट काढतो. मी सांगितलं, धरायचं तर स्ट्रेंग्थवर अ‍ॅथलेटिक्स ह्या स्किलचा फासा टाक. अ‍ॅथलेटिक्स शिकलेलं पण नव्हतं, फासा सहावर थांबला आणि दरोडेखोर हातातून निसटला. त्यानं शीट (कॅरेक्टरचा कागद) माझ्यापुढं सरकवली, "भावा, मी आठवड्याला तीन दिवस मातीत असतोय, आणि ह्याच्या अंगात जोर शून्य?"

चूक त्याची नव्हतीच. कुठला आकडा कधी लागतो हे माहीत व्हायच्या आधी आपण त्याच्याकडनं निवड करून घेतली, आणि ती महिनोन् महिने वागवायची! मला सगळ्यात खटकतं ते हेच.

मग दोन महिने केर्न हा असलाच दुसरा गेम खेळलो. नेटवर फुकट मिळतो, क्लास नाहीत, स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, विल (मनाचा जोर) हे तीनच आकडे, प्रत्येकाला तीन फासे टाकायचे, पाहिजे तर दोन आकड्यांची अदलाबदल करायची, सामानाला दहा जागा, बास. चहा यायच्या आत चौघं तयार. मामाचं पोरगं परत आलं, आणि पहिल्याच दिवशी त्यानं टॉर्चनं जाळं पेटवून सगळ्यांना वाचवलं, शीटवर बघायला काही नव्हतंच म्हणून डोकं चाललं. पण साधारण सहाव्या आठवड्यापासून दोस्त कुरकुरायला लागला, माझा पैलवान आणि ह्याचा चोर यांच्यात फरक काय, सामानच तेवढं वेगळं. त्याचं पण खरं होतं.

नुसता वेळ वाईट असतो असं पण नाही हं. 1977 च्या ट्रॅव्हलर ह्या असल्याच गेमचे जुने नियम एका संध्याकाळी करून बघितले, त्यात कॅरेक्टरची नोकरी चार-चार वर्षांच्या टर्मनं फाशांवर ठरते आणि फासा फिरला तर गेम चालू व्हायच्या आधीच माणूस मरतो. दोस्ताचा दुसऱ्या टर्मला गेला. सगळे उठून उभे राहून फासे बघत होतो, वेळ तिथं पण गेला, पण ते बनवणं म्हणजेच खेळ होता.

आता परत डी अँड डीवर आलोय, दोन बदल करून. पहिल्या दिवशी फक्त रेस, क्लास आणि सहा आकडे, बॅकग्राउंड, स्किल्स नि मंत्र खेळता खेळता गरज पडेल तसे भरायचे. आणि तिसरं सेशन संपेपर्यंत काहीही खोडून बदलायची मुभा, म्हणून शीट पेन्सिलनंच. तसं बघितलं तर ह्या गेमला पण हे कळतंय, बहुतेक क्लासना सबक्लास (क्लासमधली पुढची शाखा) तिसऱ्या लेव्हललाच मिळतो, मग पहिल्या लेव्हललाच एवढा बोजा का टाकलाय कुणास ठाऊक. नवीन ग्रुप असेल तर पुस्तकाच्या नादाला न लागता फुकटचे बेसिक रूल्स घ्या, त्यात चारच क्लास आणि चारच रेस आहेत, सुरुवातीला रग्गड झाले.

दोस्ताच्या नव्या फायटरची स्ट्रेंग्थ 16 आहे. गेल्या रविवारी तो चौथ्या लेव्हलला आला, आकडे वाढवायचे का फीट (एखादी खास करामत) घ्यायचं म्हणून तासभर पुस्तक घेऊन बसला, अधनंमधनं मला विचारत होता, आणि कुणी घाई केली नाही. शेवटी ग्रॅपलर घेतलं, धरलेल्या माणसावर वार करताना दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. शीटवर लिहिताना म्हणाला, "त्या पुलावरच्याला आता गाठायचाच."