घरचा स्विमिंग पूल बांधताना ठेकेदाराने आम्हाला कसं लुबाडलं

घराच्या आवारात जमिनीत खोदून स्विमिंग पूल बांधायचा कोणाचा विचार असेल, तर सही करण्याआधी हे वाचा. ठेकेदाराचं नाव देत नाही, कारण वाद अजून चालू आहे. पण त्याने पैसे कुठे आणि कसे काढले ते आकड्यांसकट सांगते. या कामात बराचसा माल मातीखाली आणि काँक्रीटच्या पोटात जातो, तिथे नंतर कोणी बघू शकत नाही. त्याचाच त्याने फायदा घेतला.

पूल साधाच होता. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे साधारण ४५ हजार लिटर पाणी. कोटेशन एका पानाचं. दर पाण्याच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर लावलेला, बाकीच्यांपेक्षा बराच कमी, आणि खाली खोदकाम, आरसीसी, टाइल्स, फिल्टर एवढंच लिहिलेलं. यात आणखी काय काय धरलंय असं विचारलं, तर म्हणाला, "ताई, काळजीच करू नका. तुम्ही फक्त पाणी भरायचं."

खोदकामाचा दर मात्र वेगळा, घनमीटरवर होता आणि मोजमाप खड्ड्यातच घ्यायचं असं ठरलं होतं. पुलात ४५ घनमीटर पाणी मावतं म्हणून खड्डाही तेवढाच लागतो असं नाही, हे आधी लक्षात घ्या. भिंतींची जाडी, बाहेरून काम करायला जागा, तळाचं काँक्रीट, हे सगळं धरलं की खड्डा साधारण ९.६ बाय ५.६ मीटर आणि १.८५ मीटर खोल होतो. म्हणजे जवळजवळ १०० घनमीटर, पाण्याच्या दुपटीहून जास्त. इथवर फसवणूक नाही, ही खरी गरज आहे. फसवणूक पुढे झाली. खोदलेली माती फुगते, सैल झाली की तिचं आकारमान पाव पटीने सहज वाढतं. त्याने बिल खड्ड्याच्या मापाने न लावता गाड्यांच्या मापाने लावलं, तेही प्रत्येक गाडी काठोकाठ भरलेली धरून. वर भिंतींच्या मागे भराव घालायला जी माती लागणार होती तीही आधी वाहून नेली आणि नंतर परत आणल्याचे वेगळे पैसे लावले. खोल बाजूच्या एका कोपऱ्यात खडक लागला, तर सगळ्या खड्ड्याला खडकाचा दर. खड्डा उघडा असताना फीत लावून मोजलेली मापं आमच्याकडे फोटोसह आहेत, म्हणूनच हा मुद्दा आम्ही आज ठामपणे मांडू शकतो.

लोखंडाचं प्रकरण याहून गंभीर आहे. ड्रॉइंगमध्ये १० मिलीमीटरच्या सळया, दर १५ सेंटीमीटरवर एक, असं स्पष्ट होतं. ओतकाम झाल्यावर आवारात उरलेले तुकडे ८ मिलीमीटरचे निघाले. "ते दुसऱ्या साइटचे," असं उत्तर आलं. मग आम्ही स्वतंत्र इंजिनिअरला बोलावलं आणि त्याने काँक्रीटमधल्या सळया शोधणारं यंत्र भिंतींवर फिरवलं. सळया २० सेंटीमीटरवर होत्या. एका ठिकाणी काँक्रीट फोडून पाहिलं, तिथेही ८ मिलीमीटरचीच सळई. हिशोब कोणालाही करता येतो. सळईच्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १० मिलीमीटरची सळई मीटरला ०.६१७ किलो, ८ ची ०.३९५. त्यात अंतरही वाढवलेलं. दोन्ही मिळून ठरलेल्या लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी लोखंड भिंतीत आहे. पैसे मात्र ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण घेतले. ज्या भिंतीला आतून पाण्याचा आणि बाहेरून मातीचा दाब घ्यायचा आहे, जिथे आमची मुलं पोहणार आहेत, तिथे हे केलं याचा राग अजून जात नाही.

हप्त्यांची रचनाही मुद्दाम केलेली होती. सहीला मोठी रक्कम, खड्ड्याला, सळयांना, ओतकामाला, प्रत्येक वेळी मोठा हप्ता. काँक्रीट ओतलं तेव्हा करारातले बहुतेक पैसे त्याच्या खिशात गेले होते, आणि वॉटरप्रूफिंग, टाइल्स, कडेचा दगड, पंप, फिल्टर, वायरिंग, सगळं बाकी. त्यानंतर "जादा काम" सुरू झालं. मशीन रूम जादा, अर्थिंग जादा, खड्ड्यात आलेलं पाणी उपसणं जादा. नाही म्हटलं की माणसं यायची बंद.

वॉटरप्रूफिंगनंतर टाइल्स लावण्याआधी पुलाची काँक्रीटची टाकी भरून काही दिवस पातळी बघायची असते. त्याने ती चाचणी टाळली आणि घाईने टाइल्स लावल्या. पूल भरल्यावर पाणी दिवसाला अडीच सेंटीमीटर उतरू लागलं, म्हणजे रोज ८०० लिटर. "उन्हाने उडतंय," तो म्हणाला. आम्ही पुलातल्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवली, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून खूण केली. बादलीतलं पाणी दिवसभरात अर्धा सेंटीमीटरच उतरलं. ऊन दोन्हीकडे सारखंच होतं. पुढे पंप बंद ठेवून पातळी उतरू दिली तर ती बरोबर पाण्याखालच्या दिव्यासाठी भिंतीत ठेवलेल्या खोबणीशी येऊन थांबली. गळती तिथे होती, दिव्याच्या वायरच्या पाइपाभोवती नीट सील केलंच नव्हतं.

तेव्हा त्याने सुचवलं की पूल पूर्ण रिकामा करा, दुरुस्त करून देतो, अर्थात पैसे घेऊन. इंजिनिअरने हे ऐकताच थांबवलं. पावसाने जमिनीतलं पाणी वर आलेलं होतं. आमच्या काँक्रीटच्या टाकीचं वजन साधारण ३८ टन, आणि भूजल काठापर्यंत आलं तर तिला खालून उचलणारा जोर ६० टनांच्या वर जातो. भरलेल्या पुलात पाण्याचं वजन टाकीला दाबून ठेवतं, रिकामा केला की अख्खी टाकी उचलली जाऊ शकते, तडकू शकते. भूजल आत घेऊन हा दाब सोडणारा व्हॉल्व्ह तळाला बसवायचा असतो. तो ड्रॉइंगमध्ये होता, बिलातही होता. तळाला नाही.

आता पातळी खोबणीच्या जरा खाली ठेवून दुसऱ्या माणसाकडून दिव्याचं सील करून घेतलं आहे. भिंतींचं काय करायचं हे इंजिनिअरच्या लेखी अहवालावर ठरेल, आणि त्याच अहवालावर पैसे परत मागणारी नोटीसही गेली आहे. नव्या माणसाशी करार करताना प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत लिहून घेतली, ओतकामाआधी सळया मोजायचा आणि पाइपांना दाब देऊन तपासायचा अधिकार आमच्याकडे ठेवला, आणि शेवटचा मोठा हप्ता पाण्याची पातळी टिकल्याचं मोजून दाखवल्यावरच द्यायचा असं लिहिलं. तो एका शब्दाने कुरकुरला नाही. पहिल्याकडून जमिनीखालच्या पाइपांचा नकाशा अजून मिळालेला नाही, तो मिळेपर्यंत कडेची फरशी बसवायचं काम आम्ही थांबवून ठेवलं आहे.