रत्नागिरी ते गुहागर एका दिवसात, जयगडच्या फेरीबोटीने : आमचा अनुभव

रत्नागिरीत राहतो त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात घरी पाहुणे आले की उद्या कुठे जायचं हा प्रश्न ठरलेला आणि उत्तर पण ठरलेलं, आरे-वारेचे किनारे बघत गणपतीपुळे, दर्शन, मोदक, संध्याकाळी घरी. कितीतरी वर्षं मी हेच करत होतो. आता मात्र कोणी विचारलं की मी एकच सांगतो, गणपतीपुळ्याहून मागे फिरू नका, तसंच पुढे जयगडला जा आणि गाडी बोटीत घाला. त्या फेरीबोटीसाठी हा रिव्ह्यू लिहितोय, पण बोट पंधरा मिनिटांची आणि दिवस बारा-चौदा तासांचा, म्हणून सगळा रूटच लिहितो.

आधी बोटीचं समजून घ्या. जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते, खाडीच्या या बाजूला जयगड म्हणजे रत्नागिरी तालुका आणि पलीकडे तवसाळ म्हणजे गुहागर तालुका. समोरची घरं डोळ्याला दिसतात पण रस्त्याने जायचं तर भातगावच्या पुलावरून दीड-दोन तासांचा वळसा पडतो. फेरीबोटीत (आमच्याकडे काहीजण जंगलजेटी म्हणतात) गाडीसकट चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. तिकीट धक्क्यावरच मिळतं, आमच्या सात सीटरचं दोनशेच्या आसपास पडलं, माणसांचे किरकोळ पैसे वेगळे. बोट साधारण तासाला एक असते पण टाइम बदलत राहतो, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारून घ्या आणि सगळा दिवस त्या बोटीच्या वेळेवरून मागे-पुढे बसवा.

आता महत्त्वाचं, भरती-ओहोटी. माझे आजोबा सांगायचे ती युक्ती मी आजही वापरतो, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं पण प्लॅन करायला पुरतं, नुसतं कालनिर्णय हातात असलं तरी चालतं. हे का सांगतोय, तर दोन कारणं. एक म्हणजे पाणी वर असलं की बोटीची फळी धक्क्याला जवळजवळ सपाट लागते, ओहोटीला उतार वाढतो आणि खाली बसलेल्या सेडानचा बंपर घासायची भीती असते. दुसरं म्हणजे हेदवीची बामणघळ, किनाऱ्यावरच्या खडकातली चीर, भरतीला तिच्यातून पाणी उंच उडतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा अष्टमी होती, मी तिथी बघितलीच नव्हती, भर दुपारी घळीपाशी उभे राहिलो आणि आत पाण्याचा थेंब नाही, नुसती खडकातली चीर. भाची म्हणाली मामा, हे बघायला एवढ्या लांब आलो? तिचा पडलेला चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

म्हणून यावेळी मुद्दाम कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस धरला. प्रतिपदा, एक गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी पाऊणच्या सुमाराला भरती, शिवाय पौर्णिमेचं उधाण. आई, बायको, पुण्याहून आलेले ताई-भावोजी, भाची आणि मी, सहा जण. टाकी आदल्या रात्रीच फुल केली, कारण या रूटला हे काम वाटेवर सोपवू नये.

सकाळी साडेसहाला निघालो. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी असं करत आरेला आलो. हातखंबा-निवळीवरून पण गणपतीपुळ्याला जाता येतं पण तो रस्ता आत आत जातो, समुद्र बघायचा असेल तर हाच. आरे आणि वारे हे दोन किनारे एकाला लागून एक आहेत आणि मधल्या डोंगरावरून रस्ता वर चढतो. गाडी वळणावर थांबवू नका, तिथे लोक रस्त्याच्या मधे दार उघडून फोटो काढतात आणि मागून येणाऱ्याचा जीव जातो, थोडं पुढे नीट जागा आहे तिथे बाजूला घ्या. सकाळी सात-सव्वासातला ऊन मागून डोंगरावरून येतं त्यामुळे पाणी चमकत नाही, निळं-हिरवं सरळ दिसतं, खाली सुरूच्या बनात अजून धुकं असतं. संध्याकाळपेक्षा मला ही वेळ आवडते. पाण्यात मात्र उतरू नका, कितीही शांत दिसलं तरी. इथे दरवर्षी माणसं बुडतात आणि बहुतेक वेळा बाहेरगावची असतात, हे आम्ही पेपरात वाचत आलोय आणि दर वेळी पोटात कालवतं.

गणपतीपुळ्याला आठच्या आत पोचलो तर दर्शन पंधरा मिनिटांत झालं. पश्चिमेला तोंड केलेला स्वयंभू गणपती, मागे अख्खा डोंगर, प्रदक्षिणा त्या डोंगरालाच घालायची, साधारण किलोमीटरभर. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे ती खालीच बसली, आम्ही घालून आलो. संकष्टीला किंवा अंगारकीला हा रूट ठरवूच नका, पार्किंगमध्येच दिवस जाईल. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, ते ज्यांना कवितेची आवड आहे त्यांनी अर्धा तास काढून बघावं, आम्ही आधी बघितलेलं म्हणून यावेळी सरळ पुढे गेलो.

जयगड तिथून वीसेक किलोमीटर. वाटेत कऱ्हाटेश्वराचं देऊळ चुकवू नका, अगदी समुद्राच्या कडेला कातळात, आणि खाली लाटा आपटत असताना तिथल्या गोमुखातून गोडं पाणी येतं. आईने ओंजळ लावून प्यायलं आणि म्हणाली, खारं नाहीये रे! तिला ते एवढं आवडलं की बाटली भरून घेतली. किल्ला बाहेरून बघून घेतला, आत फिरायचं तर वेगळा तास लागतो.

धक्क्यावर आलो तर बोट पलीकडून येत होती. पुढच्या तीन गाड्या, पाच-सहा बाइक, डोक्यावर पाटी घेतलेल्या दोन बायका, शाळेची पोरं. ही टुरिस्टची बोट नाही हो, तिथल्या लोकांची रोजची वाहतूक आहे, त्यामुळे आधी गावातल्या माणसांना चढू द्या. बोट टेकली, साखळ्या खडखडल्या, लोखंडी फळी काँक्रीटवर घासत आली त्या आवाजाने भाचीने कान झाकले. सगळ्या बाइक निघून गेल्या आणि बोटीवरच्या माणसाने मला हात केला, दादा रिव्हर्स घ्या. गाडीतली माणसं आधी उतरवा, हे ते सांगतातच. मी एकटा, आरशात बघायला लागलो तर तो म्हणाला, आरशात नको, माझ्याकडे बघा. येऊ द्या, येऊ द्या, कट मारा ड्रायव्हर साइडला, सोडा, येऊ द्या, बास! मागच्या जीपमध्ये आणि माझ्यात एक वीत अंतर होतं, माप घेऊन ठेवल्यासारखं. लगेच बोलला, गियरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि चाकाला लाकडाचा तुकडा लावून पुढच्या गाडीकडे गेला. वीस वर्षं गाडी चालवतोय पण एवढ्या शांतपणे कोणी मला मागे घेतलेलं नाही. कधी सरळ घालायला सांगतात कधी रिव्हर्स, तो सांगेल तसं करायचं, आपली अक्कल चालवायची नाही.

आई बोट म्हणून घाबरली होती, गाडीतच बसते म्हणाली. भावोजींनी हात धरून कठड्यापाशी आणलं. बोट निघाल्याचं तिला कळलंच नाही एवढी हळू निघाली, मग एका बाजूला किल्ल्याचे बुरूज, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र आणि मधे खाडीचं पाणी, दोन रंगांची रेघ स्पष्ट दिसते. आईने पाण्याला नमस्कार केला आणि पर्समधला नाण्यांचा बटवा शोधायला लागली तेवढ्यात तवसाळ आलं.

तवसाळहून हेदवी, रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की तुम्हीच मागे घ्यायचं. दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन बरोबर एकच्या आत खाली किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ पोचलो. आणि यावेळी बामणघळ! लाट चिरीत शिरते, क्षणभर काहीच होत नाही, मग आतून तोफ उडाल्यासारखा आवाज येतो आणि पाणी सरळ उभं वर. दुसऱ्यांदा उडालं तेव्हा ताई भिजली. भाची किती वेळ तिथून हलेना. खडक निसरडे आहेत, घळीच्या तोंडाशी जाऊ नका, लांबून सगळं दिसतं.

जेवणाचं मात्र नीट ऐका. मागच्या वेळी बघू वाटेत म्हणून निघालो आणि साडेतीनला एका हॉटेलात गार भात आणि परत परत तळलेला बांगडा मिळाला, तोही पाऊण तास थांबून. या पट्ट्यात चांगलं जेवण हॉटेलात कमी, घरात जास्त मिळतं. घरगुती जेवण अशी पाटी असते पण ते लोक माणसं मोजून चूल पेटवतात, त्यामुळे सकाळीच फोन करून सांगा, इतके जण, इतके शाकाहारी, इतके वाजता. आम्ही सांगितलं होतं तर दोन वाजता पानावर बसलो, तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वालाची उसळ, सोलकढी, भावोजींना सुरमई. सोलकढीत कोकम आगळ ताजं होतं, रंगावरूनच कळतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा ताज्या मासळीची आशा धरू नका.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतो, बायका बरोबर असतील तर टॉयलेटचा विचार आधीच करून ठेवा. गणपतीपुळे आणि जिथे जेवाल ते घर, हे दोनच भरवशाचे. एवढा सुंदर किनारा आणि एवढी साधी सोय जागोजागी नसावी याचं फार वाईट वाटतं.

वेळणेश्वरला नारळीखाली तासभर आडवे झालो, पोरीने शंख वेचले. सूर्यास्त गुहागरला, व्याडेश्वराचं दर्शन घेऊन मागे चालत किनाऱ्यावर गेलो, लांबलचक वाळू आणि पौर्णिमेनंतरचा दिवस असल्यामुळे सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने वाड्यांच्या मागून चंद्र वर आला. हे मी ठरवलेलं नव्हतं.

येताना बोट नको, भातगावच्या पुलावरून आलो, शृंगारतळी, आबलोली, पूल, जाकादेवी. अडीच तास. रस्त्याला दिवे नाहीत, वळणावर गुरं बसलेली असतात, चाळीसच्या वर जाऊ नका आणि ज्याला रात्री गाडी चालवायची सवय नाही त्याने सूर्यास्त सोडून पाचलाच निघावं. मॅपमध्ये फेरी टाळा असा ऑप्शन चालू राहिला असेल तर तो सकाळी तुम्हाला याच पुलावरून फिरवेल, तो बंद आहे ना ते घरीच बघा.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गात जयगड-तवसाळ पूल पण धरलेला आहे. तो झाला की तवसाळच्या लोकांचे हाल कमी होतील, रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा म्हणजे काय असतं ते त्यांनाच माहीत, तेव्हा पूल व्हायलाच हवा. पण घरात लहान मूल असेल तर त्याआधी एकदा त्याला या बोटीतून नेऊन आणा. फेरीबोटीला माझ्याकडून पाचपैकी पाच. आमची भाची पुण्याला परत गेली तरी फोनवर आईला विचारते, आजी, आज तिथी कुठली, भरती किती वाजता?