नाणं अस्सल होतं, फसलो ते सालात

खोटं नाणं आपण बरोबर ओळखतो, अशी ज्यांची खात्री आहे त्यांनी हे जरूर वाचावं. माझीही तशीच खात्री होती.

ऑस्ट्रियाची नाणी जमवतो. शिलिंग आणि ग्रोशेन या युरोच्या आधीच्या नाण्यांचा अल्बम जवळजवळ भरला, तेव्हा काहीतरी जुनं, राजेशाहीतलं हवंसं वाटू लागलं. एका विक्रेत्याकडे मारिया थेरेसा या ऑस्ट्रियाच्या राणीचा थालर, म्हणजे चांदीचं मोठं जुनं नाणं, दिसला. वर्णन एका ओळीचं : ‘ऑस्ट्रिया, १७८०, थालर, चांदी, अस्सल.’ फोटोत नाणं मस्त काळवंडलेलं, राणीच्या चेहऱ्याभोवती आणि गरुडाच्या पंखांत काळं साचलेलं. भाव म्हणाल तर त्यातल्या चांदीच्या सहापट.

फोन केला. गडी बोलायला गोड. म्हणाला, “१७८० म्हणजे तिचं शेवटचं वर्ष साहेब. नोव्हेंबरात वारली ती.” मी विचारलं, “म्हणजे तिच्या हयातीतलं?” तो म्हणाला, “साल तर समोरच लिहिलंय ना!” हे उत्तर नव्हे, हे मला दोन महिन्यांनी कळलं. तेव्हा मी संध्याकाळच्या आत पैसे पाठवून मोकळा झालो.

नाणं आलं आणि मी आपला सगळा सरंजाम मांडून बसलो. वजन असायला हवं २८.०६ ग्रॅम, काट्यावर २८.०४. लोहचुंबक ढिम्म. कडेवर लॅटिन अक्षरं, ‘न्याय आणि दया’ या अर्थाची, जागच्या जागी. खांद्यावरच्या पदकातले मोती भिंगाखाली मोजले, नऊच्या नऊ. एकाही परीक्षेत नापास नाही. मी खूश.

घोळ लक्षात आला तो अल्बममधली चिठ्ठी लिहिताना. नाण्यांच्या सूचीत या एकाच सालाखाली टांकसाळींची ही लांबलचक यादी! वाचत गेलो आणि पोटात गोळा आला. राणी वारली तरी हे नाणं पाडणं थांबलंच नाही. अरबस्तानात आणि इथिओपियात व्यापाऱ्यांचा विश्वास याच थालरवर बसला होता. लोक मोती मोजून नाणं घ्यायचे, चेहरा किंवा साल बदललं तर हात लावायचे नाहीत. मग टांकसाळीनेही साल १७८० वरच गोठवलं. खुद्द ऑस्ट्रियात हे नाणं १८५८ साली चलनातून बाद झालं, तरी बाहेरच्या व्यापारासाठी पाडणं चालूच. १९३५ साली मुसोलिनीला इथिओपियाच्या स्वारीसाठी हीच नाणी हवी होती, म्हणून त्याने ऑस्ट्रियाकडून साचे मिळवले आणि रोममध्ये ती पाडायला सुरुवात केली. त्यावर लंडन, पॅरिस, ब्रसेल्स इथेही तीच नाणी निघू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही मारिया थेरेसा बाहेर पडली. साल सगळ्यांवर एकच. व्हिएन्नाची टांकसाळ आजही हे नाणं पाडते आणि उघडपणे, नवं म्हणूनच विकते. त्यांची त्यात काही चूक नाही.

म्हणजे वजन, चांदी, कड, मोती सगळं बरोबर येणारच होतं. मी परीक्षा घेत होतो खोटेपणाची, आणि नाणं खोटं नव्हतंच!

एका जुन्या संग्राहकांना दाखवलं. त्यांनी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. थेट गरुडाची शेपटी भिंगाखाली घेतली. पिसांची संख्या, पदकाचा आकार, कडेवरची नक्षी यांत टांकसाळीगणिक आणि काळागणिक बारीक फरक असतात. “विसावं शतक,” ते म्हणाले. “पण हे काळं कसलं?” कापसाला ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रावण) लावून त्यांनी पंखांतून फिरवला. कापूस काळा, पंख लख्ख. चांदीवर वर्षानुवर्षं हवेने चढलेला काळेपणा ॲसिटोनने जात नाही. रंग किंवा पॉलिश फासलेलं असेल तर निघून येतं. विक्रेत्याच्या शब्दांत मला खोटं सापडलं नव्हतं, ते इथे सापडलं.

पुन्हा फोन केला. “१७८० साली पाडलंय असं मी कधी म्हणालो? मला आलं तसं मी विकलं.” आणि खरंच, म्हणाला नव्हता. पावतीवर काय, तर ‘चांदीचं नाणं, नग १’. परत घेण्याबद्दल एक अक्षर नाही. तशी हमी मागून घ्यायची असते हेही मला सुचलं नव्हतं. आता ते नाणं वितळवलं तर तेवीस ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी हाती लागेल, म्हणजे भरलेल्या पैशांचा साधारण सहावा हिस्सा.

तेव्हापासून मी विक्रेत्याला ‘साल कोणतं?’ असं विचारतच नाही. ‘कोणत्या टांकसाळीत, कधी पाडलं?’ असं विचारतो आणि उत्तर पावतीवर लिहून मागतो. प्रामाणिक माणूस ‘नंतरचं आहे’ असं सरळ लिहून देतो आणि भावही तसाच लावतो. गुळमुळीत बोलायला लागला की मी फोन ठेवतो.

थालर घेणार नसाल तरी ऑस्ट्रियाचं सोनं घेताना हेच ध्यानात ठेवा. १९१५ सालचे डुकाट, १९१५ चेच २० आणि १०० क्रोनेन, १९१२ चे १० क्रोनेन, १८९२ चे ४ आणि ८ फ्लोरिन, ही सगळी अशीच गोठलेल्या सालांची नाणी. सोनं खरं, टांकसाळही खरी, पण तुमच्या हातातलं नाणं बहुतेक वेळा कितीतरी नंतर पाडलेलं. सोन्याच्या भावात मिळालं तर खुशाल घ्या. त्यावर कोणी ‘सम्राटाच्या काळातलं’ म्हणून पैसे मागितले, तर आधी ‘कधी पाडलं?’ ते पावतीवर लिहून मागा.