खाणीचा गाळ ओढ्यात आला: उपसावा की जागीच ठेवावा?

खनिज काढून उरलेला गाळ अडवणारा खाणीचा बांध फुटला की गावाची पहिली मागणी ठरलेली: पोकलेन लावा आणि सगळं उपसून न्या. राग रास्तच असतो. पण उपसा कुठे करायचा नि कुठे हात आखडता घ्यायचा, हे गाळ किती दिसतो यावरून ठरवू नये. त्यात काय आहे हे आधी बघावं. दोन मोठ्या अपघातांत नेमके उलट निर्णय झाले, ते शेजारी ठेवून पाहू.

स्पेनमधल्या आस्नालकोयारला २५ एप्रिल १९९८ रोजी बांध फुटला आणि काळा चिखल आग्रियो नदीमधून ग्वादियामार नदीत गेला. सुमारे ४,६०० हेक्टर जमीन बाधित झाली, खाली दोन्याना हे पाणथळ अभयारण्य. हा गाळ पायराइटचा होता, म्हणजे लोह आणि गंधकाचा. त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक आम्ल बनतं, आणि त्यात जस्त, कॅडमियम असे जड धातू विरघळून पाण्यात उतरतात. असा गाळ झाकून ठेवणं म्हणजे निखारे झाकणं. म्हणून पाऊस यायच्या आत धावपळ झाली आणि सुमारे ७० लाख घनमीटर गाळ-माती खरवडून जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकली गेली. खड्डा जवळ तयार होता, हे त्यांचं नशीब.

तरी उपसा म्हणजे सगळं निस्तरलं असं झालं नाही. यंत्रांच्या चाकांखाली काही गाळ मातीत मिसळला, ठिकठिकाणी डाग राहिले. ते शोधून पुन्हा साफ केले, मग आम्ल मारायला जमिनीत बीटच्या साखर कारखान्यांमधून निघणारा चुन्याचा गाळ मिसळला. शेती मात्र परत आली नाही. सरकारने जमिनी घेतल्या आणि तिथे हरित पट्टा केला. खर्चाचं म्हणाल, तर तिथल्या अंदालुसिया प्रांताच्या सरकारने खाण कंपनीकडे मागितलेले सुमारे ९ कोटी युरो २०२३ मध्ये सेव्हियाच्या कोर्टाने नाकारले.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या माउंट पॉली खाणीतून ४ ऑगस्ट २०१४ रोजी सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ सुटला. हेझलटाइन हा मीटर-दोन मीटर रुंदीचा ओहोळ काही ठिकाणी शंभर मीटरच्या वर खरवडला गेला. इथला गाळ आम्ल बनवणारा नव्हता. शिवाय बराचसा क्वेनेल तलावाच्या तळाशी, खूप खोल जाऊन बसला होता. तिथून उपसला तर पाणी ढवळणार. म्हणून तो तिथेच ठेवला आणि लक्ष ओहोळावर दिलं: काठ बांधले, दगड-गोटे नि झाडांचे ओंडके टाकले, अंडी घालायला वाळू-खडी पसरली. २०१८ मध्ये ट्राउट मासे परत अंडी घालायला आले. पण तळाचा गाळ हंगाम बदलताना पुन्हा वर येतो असं संशोधकांना आढळलंय, म्हणजे देखरेख कायमची. गाळ तिथेच ठेवल्याबद्दलची स्थानिकांची नाराजी मला तरी समजते.

आता निवड करायची असेल तर माझा कल असा. गाळ गंधकाचा, काठावर पसरलेला, पाऊस तोंडावर: उपसाच, उशीर नको. आम्ल न करणारा, खोल पाण्यात बसलेला: ठेवा, पण पाण्याच्या नियमित तपासण्या लेखी मागा. मधल्या प्रकरणांत प्रयोगशाळेत आम्ल-चाचणी करून घ्या. रंगावरून अंदाज बांधू नका.

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. आपल्या लोहखनिजाचा लाल गाळ मुख्यतः ऑक्साइडचा, त्यामुळे आम्लाची भीती कमी. त्रास गाळाचाच: ओहोळ तुंबतात, भातशेतीवर थर बसतो. इथे उपसा योग्य, पण मूळ तळ आणि काठाची झाडं खरवडू नका. आणि पोकलेनवाल्याला बोलावण्याआधी डंपर कुठे रिकामा होणार ते कागदावर घ्या. काठावर ढीग मारला, तर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला तो परत ओहोळातच असतो.